शिडीच्या खालच्या टोकाचा पगार

आमचे हे इस्पितळात दुरुस्ती खात्यात आहेत असं म्हटलं, की समोरची लगेच म्हणते, "अगंबाई, मग आमच्या मिक्सरचं जरा बघायला सांगा ना." मग मला खरं काय ते सांगावं लागतं. हे दुरुस्ती करत नाहीत. दुरुस्ती मिस्त्री करतो. हे मदतनीस. मिस्त्री शिडीवर चढतो, हे शिडी धरतात. मिस्त्री भिंतीला भोक पाडतो, हे खाली कागद धरतात. मिस्त्री टेबलाखाली शिरतो, हे बॅटरी धरतात. लग्न झाल्यापासून बघतेय, हा माणूस काही ना काही धरून उभा आहे. इस्पितळात सगळे यांना धरराव म्हणतात. पगारपत्रकावर खरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर हे मागे वळूनही बघत नाहीत.

मीही त्याच इस्पितळात, धुलाई खात्यात. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्या हाताखालून जातं. माझा पगार यांच्यापेक्षा चार पैसे जास्त आहे. ते मी कधी बोलून दाखवत नाही, फक्त भांडण झालं की. पण दोघांचे मिळूनही घर चालेना, म्हणून संध्याकाळी आळीतल्या लोकांचे कपडे इस्त्रीला घेते. दिवसभर इस्पितळाच्या चादरी आणि संध्याकाळी परक्यांच्या विजारी! माझा उजवा खांदा आता पाऊस पडणार की नाही ते रेडिओच्या आधी सांगतो.

आणि घरात दुरुस्ती निघाली तर? नावच काढू नका. मोरीतला नळ गळायला लागला तेव्हा यांनी काय केलं असेल? बादली धरली. मी म्हटलं, "अहो, नळ दुरुस्त करा." तर म्हणाले, "मिस्त्री आला की करू." घरात कुठला मिस्त्री येणार? शेवटी पान्हा मी फिरवला, आणि यांनी नळ धरला. धरला मात्र असा, की जागचा तसूभर हलला नाही. ते मी नाकारत नाही.

एकदा मी पगारवाटप करणाऱ्या कारकुनाला जाऊन धरलं. म्हटलं, मिस्त्रीला दुप्पट आणि मदतनिसाला निम्मं, हा हिशेब कुणी केला? तो म्हणाला, "बाई, मिस्त्री शिडीच्या वरच्या टोकाला असतो. जोखीम त्याची." मी म्हटलं, "आणि तो पडला तर कुणाच्या डोक्यावर पडणार?" त्यानं चष्मा पुसला आणि खिडकी लावून घेतली.

तर असे आमचे धरराव. आता सोडरावांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सोडराव म्हणजे नळकाम करणाऱ्या मिस्त्रीचे मदतनीस. यांचे जिवाभावाचे दोस्त, म्हणून माझे भावजी. त्यांचं काम एकच. मिस्त्री वर कुठल्या तरी संडासात पाइप जोडणार, सोडराव खाली तळघरात मुख्य चावीपाशी बसणार, आणि वरून "सोड!" अशी आरोळी आली की पाणी सोडणार. "सोड" ऐकलं की त्यांचा हात आपोआप फिरतो. मध्ये डोकं वगैरे काही येत नाही. एकदा मिस्त्री पाइप उघडा टाकून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बोलता बोलता वैतागून म्हणाला, "जाऊ दे रे, सोड!" सोडरावांनी सोडलं. मिस्त्री फोनसकट न्हाऊन निघाला, आणि फोनवरच्या माणसाला वाटलं इकडे पूर आला.

दोन्ही मिस्त्री पुढेमागे निवृत्त झाले. त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं वरून ठरलं. मग दुसऱ्या इस्पितळातून एक मिस्त्री उसना यायचा, आठवड्यातून एखादा दिवस, तोही चहा पिऊन जायला. बाकीचे दिवस हे दोघे शिडीशेजारी बसून असायचे. मदतनीस, पण मदत करायची कुणाला, तर रिकाम्या खुर्चीला. मी म्हणायचे, "अहो, दिवा बदलायला काय लागतं? चढा की तुम्हीच." हे म्हणायचे, "मदतनिसानं वर चढायचं नाही असा नियम आहे." नियम खरंच होता. पण यांना तो जरा जास्तच आवडायचा.

आणि एक दिवस नवा दुरुस्तीसाहेब आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या त्यानं दोघांना बोलावलं आणि सांगितलं, की मिस्त्रीची एक जागा भरायची आहे, सगळ्या कामांना मिळून एकच. तुमच्या दोघांची परीक्षा घेतो. पास होईल तो मिस्त्री, पगार दुप्पट. उरलेल्यानं पुढच्या महिन्यापासून कंत्राटदाराकडे रोजंदारीवर जायचं. बोलावलं तर काम, नाहीतर घरी. मदतनीस हे पदच बंद.

हे घरी येऊन मला हे सगळं सांगत होते आणि माझा हात विजारीवर तसाच राहिला. विजार भाजली. ज्यांची होती त्यांना भरून द्यावी लागली, ती गोष्ट वेगळी. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हटलं, "हे बघा, हा पगार मिळाला तर ही इस्त्री मी माळ्यावर टाकणार आहे. आणि नाही मिळाला तर आपण खाणार काय ते तुम्ही मला सांगा."

"सोडरावांचं काय?" हे म्हणाले.

"सोडरावांचं सोडरावांची बायको बघेल!"

मी हे बोलले. आणि मला तसंच वाटत होतं, उगाच चांगुलपणाचं सोंग कशाला आणू?

लगेच तालीम सुरू केली. स्वयंपाकघरातला दिवा काढून परत लावायचा. टेबलावर स्टूल, स्टुलावर हे, आणि स्टूल धरून मी. हे वर चढले आणि दिव्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघायला लागले.

"असं नाही धरायचं."

"वर बघा."

"अगं, बोटं आत घेतलीस, चिरडतील. अंगठा बाहेर. आणि पाय जोडून काय उभी राहिलीस? एक मागे घे."

"दिवा काढा!"

"काढतो, पण आधी तू नीट धर."

असं किती वेळ चाललं असेल कोण जाणे. शेवटी हे खाली उतरले आणि मला म्हणाले, "तू वर चढ, मी तुला दाखवतो कसं धरायचं ते." मी संतापानं वर चढले आणि संतापातच दिवा काढून परत लावला. लख्ख उजेड पडला. खाली हे खूश! "बघ, किती निवांत झालं." मी कपाळावर हात मारून घेतला. तरी रोज तालीम चालू ठेवली. हळूहळू हे खाली न बघता दिवा लावायला शिकले. हातही चांगला बसला. मला आशा वाटायला लागली.

परीक्षा पुरुषांच्या वॉर्डात होती. तिथल्या दोन ट्यूब गेल्या होत्या, खिडक्यांच्या वर, उंच भिंतीला. एक यांनी बदलायची, एक सोडरावांनी. एक चढेल तेव्हा दुसऱ्यानं मदतनीस व्हायचं. मी स्वच्छ चादरींचा गठ्ठा घेऊन मुद्दाम त्याच वेळी तिथं गेले. रुग्णांना तर करमणूकच झाली. ज्यांना डॉक्टरांनी उठू नका म्हणून सांगितलं होतं तेही उशीला टेकून बसले.

साहेब म्हणाला, "करा सुरुवात."

यांनी शिडी भिंतीला लावली आणि सवयीनं धरून उभे राहिले. सोडराव दुसऱ्या बाजूनं आले आणि त्यांनीही शिडी धरली. दोघं एकमेकांकडे बघतायत.

"चढा," हे म्हणाले.

"छे, छे, तुम्ही चढा," सोडराव म्हणाले.

"तुम्ही वयानं मोठे."

"पण शिडी तुमच्या खात्यातली."

शिडी अशी भक्कम धरलेली कुणी पाहिली नसेल, फक्त तिच्यावर कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या पलंगावर पाय बांधलेले एक आजोबा होते. ते ओरडले, "अरे, पालखी आहे का ती? चढा कुणीतरी!" सगळा वॉर्ड हसला. साहेबानं पेन उघडलं. मी चादरींच्या आडून यांच्याकडे डोळे वटारले. तेव्हा कुठे हे चढले.

आणि खरं सांगते, छान चढले! जुनी ट्यूब काढली, खाली दिली, नवी घेतली. माझा जीव भांड्यात पडत होता. एवढ्यात ते आजोबा पुन्हा सुरू झाले. "अरे, उलटी लावतोयस तू! डावीकडून घाल! आमच्या वेळी..." हे काही उत्तर देईनात. आजोबा थांबेनात. शेवटी हे हसून, अगदी आदरानं म्हणाले, "सोडा हो, आजोबा."

सोडरावांनी सोडली.

दोन्ही हात एकदम! पुढं काय झालं ते डोळ्यांपुढून जात नाही. शिडी गुळगुळीत फरशीवरून सरकत गेली आणि धाडकन पडली. ट्यूब फुटली. आणि आमचे हे खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. मी किंचाळले. चादरी कुठं पडल्या कुणास ठाऊक. त्या आजोबांनीच आपला चाकांचा पलंग हातानं भिंत रेटून खिडकीखाली ढकलला, आणि हे त्यांच्या पायथ्याशी येऊन पडले. नशीब, बांधलेला पाय वाचला. सोडराव तसेच उभे होते, दोन्ही हात हवेत. "मला वाटलं, मला म्हणाले," एवढंच पुटपुटत होते. आणि रडायच्या बेतात होते.

"नापास," साहेब म्हणाला.

"अहो पण साहेब, शिडी यांनी सोडली ना!" मी मधे पडले.

"परीक्षा वर चढणाऱ्याची आहे, बाई. धरण्याला गुण नाहीत. दुसरा उमेदवार, चढा."

सोडरावांनी पडलेली शिडी उचलून दुसऱ्या ट्यूबखाली लावली. त्यांच्या पायांना असा कंप सुटला होता, की पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर शिडी खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि माझ्या तर ओठावर होतं. आता शिडी धरायची पाळी यांची होती.

यांनी विजार झटकली. शिडीजवळ आले. एक पाय पुढे, एक मागे, अंगठे बाहेर, कपाळ पायरीला टेकवलेलं. शिडीचं खुळखुळणं थांबलं. अगदी भिंतीत चिणल्यासारखी उभी राहिली. "चढा, सोडराव," हे म्हणाले, "मी आहे."

सोडराव चढले. हे वर बघत नव्हते, कपाळ टेकवलेलंच होतं, पण शिडीच्या हालचालीवरून यांना वरचं सगळं कळत होतं. "डावा पाय अजून एक वर. हं. आता उजवा हात मोकळा करा, पडत नाही तुम्ही. फिरवा. घाई नाही." असं मूल निजवताना बोलावं तसं चाललं होतं. सोडरावांचा कंप थांबला. ट्यूब बसली. कुणीतरी बटण दाबलं. उजेड पडला. वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. मी सोडून सगळ्यांनी.

"पास," साहेबानं पेन बंद केलं. "अभिनंदन, मिस्त्री. आणि धरराव, तुम्ही पुढच्या महिन्यापासून कंत्राटदाराकडे. शिडी नेऊन ठेवा."

सोडराव अजून वरच होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "साहेब, मग माझी शिडी कोण धरणार?"

"कंत्राटदार पाठवेल तो."

"म्हणजे कोण?"

"ते रोज ज्याची पाळी असेल तो. आज एक, उद्या एक."

सोडरावांनी खाली बघितलं. मघाशी शिडी जिथून जिथपर्यंत सरकली होती तिथं फरशीवर ओरखडा उठला होता, त्याकडे बघितलं. मग त्यांनी वरच्या पायरीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"मी उतरत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"हे खाली राहणार असतील तर उतरतो. मला कळलंय आता खाली कोण असावं लागतं ते. माझ्यासारखा असला तर काय होतं, तेही आत्ताच बघितलंय सगळ्यांनी."

साहेब चिडला. त्यानं समजावलं, दरडावलं, नोकरीची धमकी दिली. सोडराव पालीसारखे वर चिकटलेले. शेवटी तो यांच्यावर ओरडला, "धरराव, तुम्ही सोडा ती शिडी! बघू कसे उतरत नाहीत ते."

तो शब्द ऐकताच सोडरावांचा एक हात वरच्या वर सुटला. शिडी हलली, पण खालून सावरली गेली. हे घाबरून म्हणाले, "साहेब, मला काय बोलायचं ते बोला, पण ते वर असताना तेवढा शब्द नका हो काढू!"

आता वॉर्डाला ऊत आला. आजोबा म्हणाले, "मीपण पलंग हलवू देणार नाही." कुणीतरी सोडरावांना वर केळं दिलं. जेवणाच्या गाड्या दारात अडकल्या. एवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. बाईंच्या पुढे साहेबाचं काही चालत नाही. त्यांनी शिडी बघितली, वरचे मिस्त्री बघितले, खालचे हे बघितले, आणि साहेबाला विचारलं, "हे काय आहे?"

साहेबानं सगळं सांगितलं, काटकसर, कंत्राट, पद, नियम. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही चढाल या शिडीवर, रोज नवा माणूस खाली धरून?"

साहेबानं शिडीकडे बघितलं. फरशीवरच्या ओरखड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मदतनिसाचं एक पद ठेवता येईल."

मी मागून ओरडले, "आणि पगार?"

"पगाराचं बघू," साहेब म्हणाला. 'बघू' म्हणजे काय ते लग्न झालेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

सोडराव उतरले. शेवटच्या पायरीवरून पाय खाली ठेवला आणि यांच्या गळ्यात पडले. दोघंही रडत होते, आजोबाही रडत होते. मी चादरी गोळा केल्या, झटकल्या, आणि पुन्हा धुवायला घेऊन गेले. नोकरी वाचली होती. पण डोक्यात राग मात्र असा उसळत होता, की दिवसभर आमच्या खात्यात माझ्या वाटेला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघालो. यांनी गुणगुणायला सुरुवात केली. गुणगुणतायत! तिथं माझा बांध फुटला.

"कसलं एवढं गाणं सुचतंय? मिस्त्री झाले ते. दुप्पट पगार त्यांना. आपल्याला काय मिळालं? होतं तेच!"

"नोकरी राहिली की."

"त्यांनी तुमची शिडी सोडली ना? चुकून का होईना, सोडली ना? मग तुम्ही त्यांची जरा हलवायची होती. पाडायची नाही म्हणत मी, नुसती जरा हलवायची! आधीच थरथरत होते, आपणहून उतरले असते. दोघंही नापास. पुन्हा परीक्षा झाली असती, तुमचा हात बसलेला होता, तुम्ही पास झाला असतात. एवढं साधं कळू नये? कुणाला दिसलंही नसतं!"

हे थांबले. भर रस्त्यात थांबले आणि माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी परक्या भाषेत बोलले. रागावले नाहीत. मला समजावूनही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "अगं, वर माणूस होता."

खांदा ठणकत होता, घरी विजारींचा ढीग वाट बघत होता, राग तर होताच होता. आणि तरी या माणसाबद्दल छातीत असं काही भरून आलं, की रस्त्यातच रडू फुटतं की काय असं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस त्या शिडीखाली नुसता उभा आहे असं मी समजत होते.

"चला," मी डोळे पुसले. "उद्या साहेबाकडे मी येणार तुमच्याबरोबर."

"तू कशाला?"

"पगाराचं विचारायला. तुम्ही तिथं काही बोलू नका, मी बोलते. म्हणावं, यांना शिडीचे पैसे नका देऊ. वर माणूस असतो, त्याचे किती देता ते सांगा."

"हळू बोल," हे म्हणाले, "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हणाले.